अप्पांच्या टाकीची स्वच्छता मोहीम

२ मार्च
रोजनिशी पुन्हा सुरू. जानेवारीत सुरू केली होती ती कामाच्या गडबडीत राहिली. या वेळी राहणार नाही. संकटाच्या काळात घरातल्या एका तरी माणसाचं डोकं ठिकाणावर हवं, आणि ते कोणाचं असणार हे उघड आहे.

संकट असं की काल अप्पा बाथरूमच्या दारात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. आज ऑपरेशन झालं, नीट झालं. महिनाभर हॉस्पिटलातच राहायचं, व्यायाम तिथेच. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हाड जुळेल हो, पण माणसाला उठावंसं वाटलं पाहिजे, या वयात काही जण पडूनच राहतात. मी म्हणालो, ते माझ्यावर सोडा.

शुद्धीवर आल्यावर अप्पांनी पहिलं काय विचारावं? टपोऱ्याने खाल्लं का. मी समोर उभा, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. आणि चौकशी टपोऱ्याची.

टपोऱ्या म्हणजे मासा. (नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितोय.) अप्पांच्या खोलीत काचेची टाकी आहे, तिच्यात सात गोल्डफिश. त्यातला सगळ्यात मोठा टपोऱ्या. आई जायच्या आदल्या वर्षी तिने तो बोटाएवढा आणला होता, डोळे बघून नावही तिनेच ठेवलं. ती गेल्यापासून अप्पा माणसांशी कामापुरतं बोलतात. बाकीचं सगळं त्या टाकीशी. मी दारात जाऊन उभा राहिलो की गप्प होतात.

अप्पांची सूचना : रोज एकदा चिमूटभर खायला घाल, बाकी कशाला हात लावू नकोस. हे दोनदा सांगितलं. भुलीचा अंमल होता अजून.

माझा संकल्प : अप्पा घरी येतील तेव्हा टाकी अशी असेल की ते आपणहून म्हणतील, शाब्बास. आजवर हा शब्द मी त्यांच्या तोंडून स्वतःसाठी ऐकलेला नाही. टपोऱ्यासाठी ऐकलाय. तो बोटाला येऊन टेकला की म्हणतात.

४ मार्च, सकाळी
टाकीची पाहणी केली. शिसारी आली.

मी जंतुनाशकाच्या धंद्यात बावीस वर्षं आहे. हॉस्पिटलं, हॉटेलं, शाळा, सगळीकडे आमचं औषध जातं. माझ्या शब्दावर लोक फरशी चाटतील इतका विश्वास. आणि माझ्याच घरात, माझ्या बापाच्या उशाशी, हे? पाणी पिवळसर. खडे बुळबुळीत. फिल्टर उघडला तर आतला स्पंज चॉकलेटी, चिकट, हातात धरवेना. अप्पांना विचारलं तर म्हणे कित्येक वर्षांत तो धुतलाच नाही. कधीतरी टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात हलकेच पिळायचा, बस. घाण पाण्यात घाण स्पंज पिळायचा! म्हातारपणी माणूस असा ढिला पडतो. मला वाईट वाटलं. हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

हॉस्पिटलात अप्पांची खाट, टेबल, पाण्याची बाटली, खाटेचा दांडा सगळं पुसून घेतलं. अप्पांनी हात पुढे केला होता, तोही पुसला.

६ मार्च, रविवार
स्वच्छता मोहीम फत्ते!

मासे बादलीत काढले. पाणी सगळं ओतून दिलं. खडे कुकरमध्ये उकळले (ही म्हणाली कुकर आता तुम्हीच ठेवा). काच आतून बाहेरून आपल्या औषधाने. स्पंज आधी उकळत्या पाण्यात, मग औषधात तासभर, मग नळाखाली खळाखळा. इतका पिवळाधम्मक निघाला की मलाच ओळखू येईना. टाकीत नळाचं नितळ पाणी भरलं, लाइट लावला. अहाहा. मासे हवेत तरंगल्यासारखे दिसत होते.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अप्पा असं नाही करत. मी म्हणालो, म्हणूनच मी करतोय. त्यावर ती काही बोलली नाही. पटलं असावं.

संध्याकाळी अप्पांना फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, पाणी इतकं पांढरं का दिसतंय? स्पंज कुठला हा? मी म्हणालो, तोच, पण आता जंतूचा मागमूस नाही. अप्पांनी डोळे मिटले. गहिवरले. मीही थोडा गहिवरलो.

९ मार्च
पाणी दुधाळ झालंय. नवीन पाणी बसायला वेळ लागतो.

मासे वर येऊन आ वासताहेत. स्वच्छ जागेत भूक वाढते, साहजिक आहे. चिमटीऐवजी मूठभर घातलं. आजारी माणसाच्या घरी निदान माशांनी तरी धडधाकट असावं.

१० मार्च
अन्न तळाशी तसंच पडलंय. वास मारतोय. पुन्हा पूर्ण पाणी बदललं, स्पंज पुन्हा उकळला. ऑफिसला उशीर झाला, साहेब बोलले. घरचं कारण सांगितलं नाही. घरात मासे गुदमरताहेत हे ‘निर्जंतुक घर, निरोगी घर’ या मोहिमेचा प्रमुख कसा सांगणार?

११ मार्च
एक गेला. छोटा, शेपटीवर ठिपके असलेला. तो आधीपासूनच नाजूक होता.

हॉस्पिटलात अप्पांनी विचारलं, सगळे बरे आहेत ना? मी म्हणालो मजेत. व्यायामवाली बाई म्हणाली, आज आजोबा चार पावलं चालले, म्हणे टपोऱ्याला बघायला जायचंय, तेव्हा चालायला पाहिजे. मी बाहेर येऊन पुन्हा पुन्हा हात धुतले.

१२ मार्च
आणखी एक. टपोऱ्या ठीक. जरा एका कोपऱ्यात असतो इतकंच.

लेकीला फोन केला. ती होस्टेलला असते, सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिला सहज, जनरल नॉलेज म्हणून विचारलं की टाकी धुतल्यावर मासे का मरतात. ती म्हणाली, बाबा, तुम्ही स्पंज धुतलात का? मी म्हणालो, धुतला म्हणजे काय, उकळला.

मग जी सुरू झाली! मासे खातात, त्याचा शेवटी अमोनिया होतो, तो कल्ल्यांतून पाण्यात उतरतो, आणि त्यांनाच जाळतो. स्पंजवर एका जातीचे जंतू राहतात, ते अमोनिया घेऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासे बरंच सोसतात, झाडांना तर हवंच असतं. म्हणाली, तो चिकट थर म्हणजे घाण नव्हती बाबा, वस्ती होती ती, आजोबांनी इतकी वर्षं जपलेली. तुम्ही अख्खं गाव उकळलंत.

मी म्हणालो, जंतू तो जंतू. ती म्हणाली, जंतू नसते तर तुम्हीही नसता. हवेत नायट्रोजन भरून वाहतोय पण झाडाला तो घेता येत नाही, शेंगांच्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जंतू तो पकडून देतात. मेलेलं सगळं कुजवून पुन्हा मातीला देतात तेही जंतू. चिखलातले काही परत हवेत सोडतात. तुमच्या अंगातलं मांस, केस, नखं, सगळ्यातला नायट्रोजन कोणत्या ना कोणत्या जंतूच्या हातून आलाय.

बापाने पोटाला चिमटा काढून शिकवावं, आणि मुलीने जाऊन जंतूंची वकिली करावी. फोन ठेवल्यावर अंघोळ केली.

१३ मार्च
तिसरा. आता चार उरले.

पाळीव माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार मोबाइलवर क्रिकेट बघत होता. तपासणीची बाटली घेतली. टाकीच्या पाण्यात थेंब टाकले तर पाणी गर्द हिरवं झालं. डबीवर लिहिलंय, हिरवं म्हणजे अमोनिया फार. ही बाटली फार जुनी असणार.

तीन नवे मासे घेऊन आलो, मेलेल्यांसारखेच. अप्पा आले की मोजणार, सात हवेत. लेकीला सांगितलं नाही.

१४ मार्च
लेकीला हिने सांगितलं. लेक म्हणाली, जिथे कचरा उचलणारं कोणी उरलं नाही तिथे आणखी पाहुणे बोलावलेत? हे तिचं म्हणणं. मी म्हणतो, माशांनाही सोबत लागते.

नव्यातले दोन गेले.

१५ मार्च
दुकानात बाटलीत जिवंत जंतू विकत मिळतात! लेकीने सांगितलं ते घेऊन या. मी तत्त्वाचा माणूस आहे. आयुष्यभर जंतू मारून पगार घेतला आणि आता तेच विकत आणू? शक्य नाही.

१५ मार्च, संध्याकाळी
आणले. दुकानदाराला म्हटलं, साध्या कागदात गुंडाळून द्या. ओळखीचं कोणी बघितलं नसावं.

बाटली घरात घेण्याआधी बाहेरून आपल्या औषधाने पुसून घेतली. हातही कोपरापर्यंत औषधाने चोळले. मग जंतू टाकीत ओतले आणि सगळीकडे नीट पसरावेत म्हणून हातानेच पाणी ढवळलं. ही बघत होती. म्हणाली, तुमच्या हाताला काय लावलंय? मी म्हणालो, स्वच्छता.

ती कपाळाला हात लावून आत गेली. तिच्या कपाळाला काय झालं होतं कोण जाणे.

१६ मार्च
पाणी गर्द हिरवंच. जंतू बनावट निघाले. टपोऱ्याच्या शेपटीवर लाल रेषा दिसताहेत. पूर्वी नव्हत्या. असतीलही, मी कधी बघितलं होतं?

खरं म्हणजे मी टपोऱ्याला कधी नीट बघितलंच नव्हतं. उजव्या अंगावर कल्ल्यामागे एक काळा ठिपका आहे. मी काचेवर बोट ठेवलं. आला नाही.

१७ मार्च
कंपनीच्या कामाने आठवडाभर बाहेरगावी जातोय. नको म्हणालो होतो, पण साहेबांनी ऐकलं नाही. टाकी हिच्याकडे. लेकीने फोनवर हिला सांगितलं : खायला जवळजवळ नाहीच, रोज थोडं पाणी काढायचं, तेवढंच शिळं पाणी घालायचं, दुकानातून जंतूंची नवी बाटली, आणि स्पंजला हात लावायचा नाही. म्हणजे जवळजवळ काहीच करायचं नाही. याला काय उपाय म्हणतात? मी जाताना हिला लेखी सूचना देऊ केल्या. तिने घेतल्या आणि कुठेतरी ठेवल्या.

२४ मार्च
आलो. तपासणी केली. पाणी पिवळं! पिवळं म्हणजे अमोनिया शून्य!

जिंकलो. शेवटी मी केलेल्या कामाचा परिणाम दिसायला वेळ लागला एवढंच. मूळ पाया मी घातला होता. टपोऱ्या आणि आणखी दोघं शिल्लक. टपोऱ्या वरच्या वर श्वास घेतोय, थकवा असेल, बरा होतोय.

ही म्हणाली, अजून पाणी रोज थोडं थोडं बदलायचं आहे. मी म्हणालो, कशासाठी? शून्य म्हणजे शून्य. तिला फार काळजी करायची सवय आहे. पाणी बदलायचं काम मी माझ्याकडे घेतलं आणि बंद केलं.

२५ मार्च
अप्पांना सांगितलं, टाकी एकदम झकास. अप्पा वॉकर धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वडिलांनी कमाल केली, तीस तारखेला घरी न्या. अप्पा माझ्याकडे बघून हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मी वॉकरच्या मुठी पुसल्या.

२६ मार्च
लेकीचा फोन. मी विजयाची बातमी दिली. तिने विचारलं, आणि नायट्राइट किती? मी म्हणालो, ते काय असतं? म्हणाली, बाबा, मी सांगितलं होतं, दोन जाती असतात. पहिली टोळी आली म्हणून अमोनिया संपला, पण ती नायट्राइट करून ठेवतेय आणि दुसरी टोळी अजून पोचलेली नाही. ते रक्तात गेलं की मासा तोंड उघडून श्वास घेतो आणि तरी गुदमरतो. त्याची तपासणी वेगळी असते. तपासणीची दुसरी बाटली घेतलीत का?

मी एकच घेतली होती. दुकानदाराने दोन दाखवल्या होत्या, मला वाटलं गिऱ्हाईकाला गंडवतोय.

दुसरी आणली, थेंब टाकले. पाणी गडद जांभळं झालं, म्हणजे नायट्राइट फार.

लेक म्हणाली, घाबरू नका, अर्धं पाणी बदला, रोज बदला, बाकी हात लावू नका, दुसरी टोळी येतेय. येतेय बाबा, वाट बघा.

२७ मार्च
पाणी बदललं. जांभळंच. पुन्हा बदललं. टपोऱ्या तळाशी आडवा होतो आणि धडपडून सरळ होतो. मला बघवेना. अप्पा तीन दिवसांवर आलेत. फिल्टर उघडला. स्पंजवर पुन्हा तो चॉकलेटी थर धरला होता.

मला माहीत आहे लेक काय म्हणाली. पण विष पाण्यात आहे आणि घाण समोर दिसते आहे, आणि माणसाने हातावर हात ठेवून बसायचं? मी आजारी माणसाजवळ नुसतं बसू शकत नाही. आईजवळही बसलो नव्हतो. तिची खोली रोज दोनदा पुसत होतो.

स्पंज धुतला. फक्त एकदाच, फक्त गरम पाण्यात. औषध नावापुरतं.

२८ मार्च, सकाळी
टपोऱ्या गेला.

ही चहा घेऊन आली, तिने बघितलं आणि कप खाली ठेवला आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

हातात घेतला. पहिल्यांदाच घेतला, हातमोजे न घालता. एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. आईने आणला तेव्हा पिशवीत जेमतेम दिसत होता, मी म्हणालो होतो, एवढ्याशासाठी एवढं पाणी? ती हसली होती. मला रडू आलं. कितीतरी वेळ येत राहिलं.

कचऱ्यात टाकवेना. बाल्कनीत आईने लावलेल्या जास्वंदीची मोठी कुंडी आहे, तिच्यात खोल पुरला. वरून माती दाबली. वास येऊ नये म्हणून थोडं औषध टाकलं.

२९ मार्च
रडत बसून चालणार नाही. अप्पा उद्या येताहेत. त्यांचं मन राखणं महत्त्वाचं.

रजा टाकली. चार दुकानं पालथी घातली, सात भरायला छोटे चार उचलले. शेवटच्या दुकानात सापडला : तेवढाच मोठा, डोळे टपोरे, काळा ठिपकासुद्धा! फक्त डाव्या बाजूला. ही अडचण मामुली आहे. टाकी अप्पांच्या खुर्चीच्या उजवीकडे आहे. मधे एक मोठं प्लास्टिकचं झाड असं उभं केलं की मासा येताना दिसेल, जाताना दिसणार नाही.

ही म्हणाली, त्यांना खरं सांगा. मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय, उठावंसं वाटलं पाहिजे. ती म्हणाली, डॉक्टरांनी हे सांगितलं होतं?

३० मार्च
अप्पा घरी.

वॉकर टेकत थेट टाकीपाशी गेले. खुर्चीत बसायला मदत करू का विचारलं तर नको म्हणाले. प्लास्टिकच्या झाडाकडे जरा वेळ बघितलं. मग नेहमीसारखं कोपऱ्यात पाण्यात बोट बुडवलं. मासा दचकून दगडामागे पळाला. अप्पांनी बोट तसंच ठेवलं, खूप वेळ. मग काढून शर्टाला पुसलं. म्हणाले, नवीन आहे, घाबरलाय, आज याला खायला घालू नका.

त्यांना कळलेलं नाही. ‘नवीन आहे’ हे ते औषधांच्या गुंगीत बोलले. प्लॅन यशस्वी.

जेवण झाल्यावर झाड आणखी थोडं पुढे सरकवलं.

३१ मार्च, दुपारी
अप्पांनी मला खोलीत बोलावलं. मी पुसायचं फडकं घेऊन गेलो. म्हणाले, ते ठेव, बस. बसलो.

विचारलं, कुठे ठेवलंस त्याला?

मी ‘कोणाला?’ असं विचारणार होतो. तोंडातून निघालं, आईच्या कुंडीत.

अप्पांनी वॉकर ओढला, उठले, आणि बाल्कनीपर्यंत चालत गेले. मी मागे. कुंडीपाशी वाकून मातीवर हात ठेवला. म्हणाले, हे मात्र बरोबर केलंस. माती त्याला सांभाळून घेईल. कुजेल, विरघळेल, जास्वंद त्याला वर ओढून घेईल. तुझी आई असती तर तिनेही इथेच ठेवला असता. यंदा फुलं बघ कशी येतात.

आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, शाब्बास.

मी इतकी वर्षं या शब्दाची तयारी करत होतो. आला तेव्हा मी कुंडीचा काठ शर्टाच्या बाहीने पुसला.

मग त्यांनी विचारलं, वरून औषधबिवषध नाही ना ओतलंस? मी म्हणालो, छे! काहीतरीच काय अप्पा.

१ एप्रिल
अप्पा सकाळी स्वतः उठून बाल्कनीत गेले. टाकीतलं जुनं पाणी मगभर घेऊन कुंडीत घातलं. हिने सांगितलं की त्यांनी आता रोजचा नेम धरलाय, सकाळ-संध्याकाळ कुंडीपर्यंत चालायचं. डॉक्टर खूश. लेक खूश. ही माझ्याशी बोलायला लागली.

लेकीला सहज विचारलं, एका गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे, कुंडीत थोडं जंतुनाशक पडलं तर काय होतं? ती म्हणाली, थोडं म्हणजे? मी म्हणालो, दोन झाकणं. म्हणाली, पाणी भरपूर घाला, माती सावरेल. बरं वाटलं.

दोन झाकणं नव्हती. अर्धी बाटली होती.

२ एप्रिल
पूर्ण होती.

जास्वंदीची खालची पानं पिवळी पडलीत. अप्पा म्हणाले, जागा बदलली असेल उन्हाची, येईल फूल, वाट बघू. कुंडीपाशी खुर्ची टाकून बसले, आणि कुंडीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी दारात उभा राहिलो. मला बघूनही थांबले नाहीत. बोलत राहिले, मला ऐकू येईल इतक्या आवाजात.

संकल्प : कुंडीला हात लावायचा नाही. अजिबात नाही. जे व्हायचं ते आपोआप होईल.

५ एप्रिल, दुपारी
अप्पा जेवून झोपले होते. ही बाहेर गेली होती. फक्त एकदा बघायचं म्हणून माती बाजूला केली. किडा नाही, मुंगी नाही, कसलाही वास नाही. टपोऱ्या ठेवला होता तसाच होता. एक खवलासुद्धा हललेला नव्हता. स्वच्छ.